युद्धानंतरचा कायदा कोणासाठी?

मे २०२४ मध्ये लायबेरियाचे राष्ट्राध्यक्ष जोसेफ बोआकाई यांनी एका आदेशावर सही केली. १९८९ ते २००३ या काळात त्या देशात दोनदा यादवी झाली. त्या काळातल्या अत्याचारांचे आणि लुटीचे खटले चालवण्यासाठी खास न्यायालय उभारायचे आणि त्याच्या तयारीसाठी आधी एक कार्यालय नेमायचे, असा तो आदेश होता. लगेच जुना वाद नव्याने सुरू झाला. एक पक्ष म्हणतो, मारेकऱ्यांना शिक्षा झाल्याशिवाय शांतता टिकणार नाही. दुसरा म्हणतो, वीस वर्षांनी खपल्या कशाला काढता, लोकांना जगू द्या. या वादाला एक ठरलेली पुरवणीही असते: न्याय हेगमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयात करायचा, की गावातल्या झाडाखाली? मराठीत आफ्रिकेविषयी जे थोडेफार लिहिले जाते, त्यातही हेच दोन सवाल फिरत राहतात, आणि लिहिणारा वसाहतवादाच्या विरोधात असेल तर झाडाखालच्या न्यायाकडे झुकतो, मानवी हक्कांच्या बाजूचा असेल तर हेगकडे.

हा सगळा वाद चुकीच्या जागी चालला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. शिक्षा की माफी हा प्रश्न फार तर काहीशे माणसांचा आहे. युद्धातून बाहेर पडलेल्या देशात कायदा सुधारायचा म्हणजे लाखो लोकांच्या रोजच्या जगण्यातला कायदा सुधारायचा: जमिनीवर हक्क कोणाचा, नवरा मेल्यावर बाईला घरात राहता येते का, गावचा प्रमुख किती दंड लावू शकतो, पोलिसांनी उचललेला माणूस किती दिवसांत न्यायाधीशासमोर उभा राहतो. हे सारे तसेच ठेवून वरच्या दहाबारा सेनानींना तुरुंगात धाडले, तर न्याय झाल्याचे समाधान मिळेल, पण ज्या अन्यायावर युद्ध पोसले गेले तो जागच्या जागी राहील. सिएरा लिओनच्या इतिहासातून हे जितके स्वच्छ दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसेल, म्हणून तोच देश मध्यभागी ठेवून बोलतो.

आधी शिक्षेच्या बाजूचे म्हणणे पूर्ण मान्य करायला हवे, कारण ते भक्कम आहे. मार्च १९९१ मध्ये लायबेरियाच्या सीमेवरून फोडे सांकोह याच्या ‘आरयूएफ’ संघटनेने सिएरा लिओनमध्ये घुसखोरी केली आणि पुढची अकरा वर्षे देश जळत राहिला. हातपाय तोडणे, मुलांच्या हाती बंदुका देणे, मुलींना पळवून नेऊन ‘बायको’ म्हणून ठेवणे हे त्या युद्धात सर्रास घडले. जुलै १९९९ मध्ये लोमे इथे शांतता करार झाला, तेव्हा सर्व लढवय्यांना सरसकट माफी मिळाली. सांकोहला तर खनिज संपत्तीवर देखरेख करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद आणि उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा देण्यात आला. म्हणजे ज्या हिऱ्यांसाठी माणसे मारली, त्या हिऱ्यांच्या तिजोरीची किल्लीच त्याच्याकडे दिली. पुढे काय झाले? मे २००० मध्ये त्याच्या माणसांनी संयुक्त राष्ट्रांचे सुमारे पाचशे शांतिसैनिक ओलीस धरले. त्या फौजेचे प्रमुख मेजर जनरल विजय जेटली भारतीय होते, आणि कैलाहुन इथे वेढ्यात अडकलेल्या भारतीय जवानांना जुलैमध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ करून सोडवावे लागले. सरसकट माफीने शांतता विकत घेता येते असे म्हणणाऱ्याने लोमेच्या कराराचे पुढचे दहा महिने नीट वाचावेत.

त्यानंतर सिएरा लिओनचे सरकार आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार होऊन २००२ मध्ये विशेष न्यायालय उभे राहिले, तेही राजधानी फ्रीटाऊनमध्येच, देशी आणि परदेशी न्यायाधीश एकत्र बसवून. तेरा जणांवर आरोप ठेवले गेले, नऊ जणांना शिक्षा झाली. लायबेरियाचा माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर याचा खटला सुरक्षेसाठी हेगला हलवला होता. त्याला २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली. मुलांना सैन्यात ओढल्याबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडून पहिली शिक्षा इथलीच, आणि बळजबरीचे ‘लग्न’ हा मानवतेविरुद्धचा स्वतंत्र गुन्हा मानला गेला तोही इथेच. या न्यायालयाने सरकारच्या बाजूने लढलेल्यांनाही सोडले नाही. सत्तेवर असलेला अंतर्गत व्यवहार मंत्री हिंगा नॉर्मन याला पदावर असतानाच अटक झाली. अनेकांच्या लेखी तो देशाला वाचवणारा वीर होता. निकालाआधीच त्याचा मृत्यू झाला. एवढे धैर्य दाखवणाऱ्या न्यायालयाला मी कमी लेखणार नाही.

पण मुद्दा यानंतर सुरू होतो. ते न्यायालय कोणत्या प्रश्नाचे उत्तर होते? गुन्हे कोणी केले, या प्रश्नाचे. युद्ध का पेटू शकले, हा प्रश्न त्याच्या कक्षेतच नव्हता. तो विचारला सत्यशोधन व सलोखा आयोगाने. त्याचा अहवाल २००४ मध्ये आला. हिऱ्यांनी युद्ध लांबवले, पण त्याचे मूळ अनेक दशकांच्या भ्रष्ट, मनमानी कारभारात आणि तरुणांना बाजूला ठेवणाऱ्या व्यवस्थेत होते, असे आयोगाने ठामपणे मांडले. त्या कारभाराचा गावातला चेहरा म्हणजे पॅरामाउंट चीफ, अर्थात अनेक गावांच्या मुलखाचा वंशपरंपरागत प्रमुख, आणि त्याच्या हाताखालचे न्यायालय. आरयूएफमधली कित्येक मुले पळवून आणलेली होती हे खरेच आहे, आणि त्या संघटनेच्या क्रौर्याला कसलीही सबब नाही. तरीही, शस्त्र खाली ठेवलेल्या तरुणांशी अभ्यासक बोलले तेव्हा एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू आली: चीफच्या न्यायालयात न झेपणारा दंड, तो न भरता आल्यास फुकट राबणे, बड्या माणसाच्या बायकांपैकी एकीशी बोलल्याचा ठपका आणि त्यापोटी गाव सोडून परागंदा होणे. गावात परतण्याची वाट बंद झालेल्या तरुणाला जंगलात नेणे सोपे असते.

ही व्यवस्था ‘आफ्रिकी परंपरा’ म्हणून ओळखली जाते. तिचा आजचा साचा मात्र ब्रिटिशांनी ओतलेला आहे. १८९६ मध्ये त्यांनी फ्रीटाऊनच्या पलीकडचा मुलूख संरक्षित प्रदेश म्हणून ताब्यात घेतला, मोजक्या घराण्यांना चीफपदाचा वारसा ठरवून दिला आणि त्यांच्याकरवी घरपट्टी वसूल केली. १८९८ मध्ये त्या पट्टीविरुद्ध बाई बुरेह याने बंड केले. १९५५-५६ मध्ये उत्तरेकडच्या जिल्ह्यांत शेतकरी चीफांच्या वसुलीविरुद्ध उठले, दंगली झाल्या, चौकशी आयोग बसला, जुलूम झाल्याचे मान्यही झाले. पाच वर्षांनी देश स्वतंत्र झाला आणि नव्या राज्यकर्त्यांनी तीच व्यवस्था आपल्या सोयीसाठी सांभाळली, कारण गावातली मते चीफ मिळवून देत असे. इशारा १९५६ मध्येच मिळाला होता. तो कोणी ऐकला?

युद्ध संपल्यावरही आधी जे झाले ते वाचून मला आजही संताप येतो. ब्रिटनच्या मदतीतून एक कार्यक्रम राबवला गेला: पळून गेलेल्या पॅरामाउंट चीफांना आपापल्या भागात परत बसवायचे आणि त्यांना घरे बांधून द्यायची. हेतू वाईट नव्हता, खेड्यापाड्यांत सत्ता म्हणून काहीतरी उभे करायचे होते. पण ज्या माणसाच्या दंडाला कंटाळून पोरे गाव सोडून गेली, त्याचे घर पहिले उभे राहिले. त्याच्या न्यायालयाचा कायदा बदलायला मात्र २०११ साल उजाडले. त्या वर्षीच्या स्थानिक न्यायालय कायद्याने ही न्यायालये चीफांच्या पंखाखालून काढून देशाच्या न्यायव्यवस्थेखाली आणली. तोवर युद्ध संपून नऊ वर्षे झाली होती, आणि विशेष न्यायालयाचे बहुतेक काम आटोपत आले होते.

बाईच्या हक्कांची कथा आणखी बोलकी आहे. २००७ मध्ये तीन कायदे एकत्र आले: घरगुती हिंसाचाराविरुद्धचा, रूढीप्रमाणे झालेल्या लग्नांच्या नोंदणीचा आणि वारसाहक्काचा. नवऱ्यामागे बायकोला घरातून हाकलणे गुन्हा ठरला, आणि दिराच्या गळ्यात बांधली जाण्यातून तिची कायद्याने सुटका झाली. मोठी गोष्ट होती. पण याच वारसा कायद्यातून कुटुंबाची, चीफपदाची आणि समाजाची सामायिक मालमत्ता वगळली होती, आणि खेड्यातली जवळपास सगळी शेतजमीन नेमकी त्याच सदरात मोडते. घर वाचले, शेत गेले. शेताशिवाय घरात राहून तिने खायचे काय? जमिनीचा कायदा तेव्हाही १९२७ चा होता, ज्यात प्रांतांमधली जमीन चीफ आणि त्यांच्या मंडळींच्या हाती सोपवलेली होती. सातबाऱ्यासारखा उतारा नाही, सही चीफची. २०११ मध्ये पुजेहुन जिल्ह्यातल्या मालेन चीफडममध्ये (चीफच्या अखत्यारीतल्या मुलखात) पामतेलाच्या मळ्यांसाठी हजारो हेक्टर जमीन ५० वर्षांच्या भाड्याने एका परदेशी कंपनीला गेली, तेव्हा शेतकऱ्यांची हीच तक्रार होती की आम्हाला विचारले कोणी? तो तंटा वर्षानुवर्षे चिघळला आणि जानेवारी २०१९ मध्ये तिथे दोन माणसे मेली. शेवटी २०२२ मध्ये रूढीगत जमीन हक्क कायदा आला. जमीन देताना कुटुंबातल्या बायका आणि पुरुष दोघांचीही संमती त्यात बंधनकारक झाली. युद्धाच्या शेवटापासून मोजली तर वीस वर्षे लागली.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. बाहेरच्यांनी कायदे लिहून देण्यापेक्षा समाजाचीच न्यायाची रीत वापरली तर लोकांना तो न्याय आपला वाटेल, असे सांगणारे रवांडाच्या गचाचा न्यायालयांकडे बोट दाखवतात. १९९४ मध्ये हुतू अतिरेक्यांनी केलेल्या तुत्सींच्या नरसंहारानंतर रवांडाच्या तुरुंगांत लाखाहून अधिक संशयित कोंबलेले होते. न्यायाधीश आणि वकील मारले गेले होते किंवा पळाले होते. टांझानियातल्या आरुशामधले, रवांडासाठीचे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण दोन दशकांत शंभराच्या आत माणसांवर आरोप ठेवू शकले. नेहमीच्या न्यायालयांत हे खटले संपायला शतक लागले असते. गावोगाव निवडलेल्या, वकील नसलेल्या माणसांनी गवतावर बसून २०१२ पर्यंत लाखो प्रकरणे निकालात काढली. प्रेते कुठे पुरली हे कित्येक घरांना तिथेच पहिल्यांदा कळले. हे यश नाकारणे हा कोतेपणा ठरेल.

पण गचाचाला परंपरा म्हणायचे कशाच्या आधारावर? शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जमिनीचे, गुरांचे तंटे मिटवणाऱ्या बैठकीला संसदेने कायदा करून खुनाच्या खटल्यांचे न्यायालय बनवले आणि दीर्घ कारावास देण्याचा अधिकार दिला. आरोपीला वकील नव्हता. आणि नरसंहारानंतर सत्तेवर आलेल्या आरपीएफ (रवांडन पेट्रिऑटिक फ्रंट) या तुत्सी-प्रधान संघटनेच्या सैनिकांनी केलेल्या हत्यांबद्दल तिथे तोंड उघडायची सोय नव्हती. न्यायाची रीत गावची होती, पण कोणावर बोलायचे हे राजधानी किगालीत ठरत होते. महाराष्ट्रातल्या वाचकाला तर ‘समाजाचा स्वतःचा न्याय’ या शब्दांनी भुलायचे काही कारणच नाही. जातपंचायती हाच युक्तिवाद करत आल्या. वाळीत टाकलेल्या कुटुंबांना तो किती महाग पडला हे आपण पाहिले, आणि २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. गावच्या न्यायाला विरोध असण्याचे कारण नाही. मात्र तिथे बाईला, तरुणाला, परक्याला उभे राहता येते का, आणि निकाल पटला नाही तर वरच्या न्यायालयात जाता येते का, हे विचारल्याशिवाय तो स्वीकारता कामा नये.

दुसरा आक्षेप अधिक मोहात पाडणारा आहे. आधी खंबीर राज्य, मग हक्क. रवांडाने १९९९ मध्येच मुलींना वडिलांच्या मालमत्तेत वाटा दिला, पुढे काही वर्षांत देशभरातल्या जमिनींची मोजणी करून नोंदी केल्या, विवाहित जोडप्यांची नावे एकत्र लावली. सिएरा लिओनला जे वीस वर्षांत जेमतेम जमले, ते रवांडाने धडाक्यात करून दाखवले. मग लोकशाहीची कुरबुर हवी कशाला? हवी, कारण ज्या हातांनी तो वारसा कायदा लिहिला त्याच हातांनी २००८ मध्ये ‘नरसंहाराच्या विचारसरणी’विरुद्धचा कायदा लिहिला. तो इतका मोघम होता की सरकारवरची टीकाही त्यात बसावी. विरोधी नेत्या व्हिक्ट्वार इंगाबिरे देशात परतल्या, आपल्या भाषणात तुत्सी बळींबरोबर हुतू बळींचाही उल्लेख केला, आणि तुरुंगात गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा आठ वर्षांवरून पंधरा केली. २०१७ मध्ये आफ्रिकी मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या अभिव्यक्तीच्या हक्काचा भंग झाल्याचे ठरवले, पण त्याआधीच रवांडाने आपल्या नागरिकांना त्या न्यायालयात थेट जाण्याची दिलेली मुभा काढून घेतली होती. वरून दिलेला हक्क वरूनच परत घेता येतो. ज्या देशात सत्तेच्या बेबंदपणातून रक्तपात झाला, तिथे ही जोखीम छोटी म्हणता येत नाही.

घाईचा मार्ग हाच एकमेव मार्ग होता का, हे तपासायला मोझांबिक पाहावा. यादवी संपवणाऱ्या १९९२ च्या रोम करारानंतर तिथे ना खटले झाले ना सत्य आयोग, सरसकट माफी मिळाली. ती मला पटत नाही. पण लाखो निर्वासित गावी परतत असताना जमिनीचे तंटे उफाळणार हे ओळखून शेतकरी संघटना, अधिकारी आणि अभ्यासक यांनी देशभर चर्चा घडवली आणि १९९७ चा जमीन कायदा तयार झाला. त्यात एक तरतूद अशी की ज्याच्याकडे कागद नाही त्याचा हक्क शेजाऱ्यांच्या तोंडी साक्षीवरही सिद्ध होतो. रूढीने कसलेल्या जमिनीला आणि बाईच्या हक्काला कायद्याने मान्यता मिळाली. युद्धात ज्याचे कागदच जळाले किंवा ज्याच्याकडे ते कधी नव्हतेच, त्याच्यासाठी याहून उपयोगी कलम कोणते? अंमलबजावणीत पुढे पुष्कळ वाताहत झाली. तेते प्रांतात कोळशाच्या खाणींसाठी हलवलेली कुटुंबे २०१२ मध्ये रेल्वेमार्ग अडवून बसली, आणि काबो देल्गादोत २०१७ पासून पुन्हा शस्त्रे निघाली आहेत. तरी त्या विस्थापितांच्या हातात भांडण्यासाठी एक कायदा होता, आणि तो त्यांच्या बाजूने लिहिलेला होता.

कायदा लिहिणे हा पुन्हा निम्माच भाग. २००३ मध्ये सिएरा लिओनमध्ये ‘तिमाप फॉर जस्टिस’ ही संस्था सुरू झाली, तेव्हा साऱ्या देशात वकील शंभराच्या आसपास होते आणि बहुतेक फ्रीटाऊनमध्ये. संस्थेने गावातलीच माणसे निवडली, त्यांना औपचारिक आणि रूढीगत अशा दोन्ही कायद्यांचे शिक्षण दिले आणि कायदा-सहायक म्हणून तिथेच बसवले. पोटगी न देणारा बाप, चीफने लावलेला बेकायदा दंड, पोलीस चौकीत कारणाविना डांबलेला मुलगा अशी कामे ते करतात. आधी समेट, नाही जमले तर मागे वकील उभा. २०१२ च्या विधी सहाय्य कायद्याने अशा सहायकांना अधिकृत स्थान दिले. हेगच्या एका दालनात टेलरचा खटला वर्षानुवर्षे चालला, त्यावर कोट्यवधी डॉलर खर्च झाले. तो खर्च वाया गेला असे मी म्हणत नाही. पण त्याच काळात चीफडममध्ये बसणाऱ्या सहायकाच्या पगारासाठी देणग्यांची वाट पाहावी लागत होती. देणाऱ्या देशांना खटल्याचे छायाचित्र मिळते, पोटगीच्या तडजोडीचे मिळत नाही, म्हणून तर असे होत नसेल?

आता लायबेरियाकडे परत येऊ. तिथल्या सत्य आयोगाने २००९ मध्येच खास न्यायालयाची शिफारस केली होती, ती अंमलात आणायला उशीर झाला. १९९० मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सॅम्युएल डो यांचा छळ कॅमेऱ्यासमोर करवणारा बंडखोर नेता प्रिन्स जॉन्सन सिनेटर म्हणून मिरवला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये खटल्याविनाच मेला. न्यायालय व्हायलाच हवे. पण त्याच देशाच्या तुरुंगांत बहुसंख्य कैदी असे आहेत की ज्यांचा खटला अजून सुरूच झालेला नाही. त्यांतले अनेक जण किरकोळ चोरीसाठी, मूळ शिक्षेहून अधिक काळ आत आहेत. २०१८ च्या जमीन हक्क कायद्याने गावांच्या सामायिक जमिनीला मान्यता दिली, पण सीमा आखून नोंद होईपर्यंत ती मान्यता कागदावरच. राजधानी मोनरोव्हियात नव्या न्यायालयाची इमारत उभी राहील तेव्हा त्याच अंदाजपत्रकात जिल्ह्यांच्या दंडाधिकाऱ्यांचे पगार, मोजणीदार आणि कायदा-सहायक यांची तरतूद हवी, आणि मदत देणाऱ्यांनी पैसे देताना हीच अट घालायला हवी. दोन्ही एकत्र होत नाही असे सांगणाऱ्यांनी फ्रीटाऊनमध्ये ते वेगवेगळे केल्याने काय झाले याचे उत्तर द्यावे.

आणि सिएरा लिओनचे कामही संपलेले नाही. तिथल्या १९९१ च्या राज्यघटनेत कलम २७ भेदभावाला बंदी करते आणि त्याच कलमाचे एक उपकलम लग्न, घटस्फोट, दफन, वारसा या बाबींना त्या बंदीतून वगळते. म्हणजे बाईचे आयुष्य जिथे जिथे अडते, नेमकी तीच ठिकाणे. आपल्याला यात नाके मुरडायचा अधिकार नाही: नरसू आप्पा माळी खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीबाहेर ठेवले आणि तो निर्णय सात दशकांनंतरही आपल्या मानगुटीवर आहे. सिएरा लिओनच्या सत्य आयोगाने ते उपकलम रद्द करा असे २००४ मध्ये सांगितले. घटनेचा फेरविचार करणारी समिती नंतर बसली, तिचा अहवाल आला, आणि २०१७ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने तिच्या बहुतेक शिफारशी फेटाळल्या. २००७ चे, २०२२ चे सगळे चांगले कायदे आज या उपकलमाच्या सावलीत उभे आहेत, आणि उद्याच्या संसदेला ते मागे घ्यावेसे वाटले तर घटना आडवी येणार नाही. फाशी रद्द करण्याचे धैर्य याच देशाच्या संसदेने २०२१ मध्ये दाखवले. घटनेतल्या एका उपकलमाला हात घालणे तिच्या आवाक्यात आहे, आणि त्यासाठी हेगच्या परवानगीची गरज नाही.